पदकाची कड : फिलाडेल्फिया ते बॉस्टन, पाच दिवस

पहिला दिवस, शुक्रवार

न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडी काढताना भाचा म्हणाला, "मावशी, लोक अमेरिकेत येऊन नायगारा बघतात. तू टांकसाळ बघणार?" नायगारा मागच्या खेपेला झाला होता. त्यातला आता आठवतो तो फक्त निळा रेनकोट.

माझे वडील मुंबईच्या टांकसाळीत नोकरीला होते. हातात कुठलंही नाणं आलं की ते राजाचा मुखडा नंतर बघायचे. आधी कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे, मग खिडकीशी नेऊन कड उजेडात धरायचे. त्यांच्याकडून मला वारशात एक दिल्ली दरबारचं पदक आणि ही सवय मिळाली. पदकं जमवण्याचा नाद पुढे वाढत गेला आणि गेली काही वर्षं तो अमेरिकन पदकांवर येऊन थांबला आहे. त्याला कारण आहे. 25 मार्च 1776 रोजी तिथल्या काँग्रेसने जॉर्ज वॉशिंग्टनसाठी सोन्याचं पदक मंजूर केलं. ब्रिटिशांना बॉस्टन सोडायला लावल्याबद्दल. तारीख नीट बघा. स्वातंत्र्याचा जाहीरनामा 4 जुलैचा. म्हणजे देश अजून जाहीरही झाला नव्हता, पण त्याचं पहिलं पदक ठरून गेलं होतं. बारशाआधीच पाळण्यावर नाव कोरून घेण्यातला प्रकार. आणि पदक पाडायला टांकसाळ कुठे होती? ती आली 1792 च्या कायद्याने, इथे फिलाडेल्फियात. तिचा पहिला संचालक डेव्हिड रिटनहाउस हा मुळात खगोलशास्त्रज्ञ.

आजची इमारत 1969 ची, क्रमाने चौथी. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे भाच्याचा निम्मा रस दारातच संपला. वरच्या काचेतून खाली नाण्यांची यंत्रं दिसतात. नाणी इतक्या वेगात पडतात की डोळ्यांना फक्त एक चकाकती धार दिसते. पदकाचं तसं नाही. पदकावरचं चित्र नाण्यापेक्षा कितीतरी जास्त उठावाचं असतं, ते एका ठोक्यात उमटत नाही. एक ठोका द्यायचा, धातू कडक होतो, मग भट्टीत ताव देऊन नरम करायचा, पुन्हा त्याच ठशात अचूक बसवून ठोकायचा. असं तीन-चारदा, मोठं पदक असेल तर त्याहूनही जास्त वेळा. वडील सांगायचे तेव्हा ते मला पोळीच्या कणकेसारखं वाटायचं : मळायची, मुरू द्यायची, पुन्हा मळायची.

इथे खरी रमले ती पीटरपाशी. पीटर हा गरुड. 1830 च्या दशकात तो टांकसाळीत राहायला आला, दिवसा गावभर उडून संध्याकाळी मुक्कामाला परत. कामगारांचा लाडका. एक दिवस यंत्राच्या मोठ्या चाकावर बसलेला असताना चाक सुरू झालं आणि पंख अडकून मोडला. तो जगला नाही. कामगारांनी त्यात भुसा भरून तो जपून ठेवला. आज काचेच्या पेटीत पंख पसरून उभा आहे. सरकारी कचेरीत असा एखादा पाळीव जीव आपल्याकडेही असतो, फक्त ते बहुधा मांजर असतं आणि त्याला काचेची पेटी मिळत नाही.

बाहेर पडल्यावर भाच्याला सांगितलं की आनंदीबाई जोशी 1886 साली याच शहरातून डॉक्टर झाल्या. तो म्हणाला, "हे तू आधी सांगायचंस, मी टांकसाळीत कमी जांभया दिल्या असत्या." संबंध काय ते मला कळलं नाही.

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी फेअरमाउंट पार्कमधला मेमोरियल हॉल बाहेरूनच पाहिला. 1876 च्या शतसांवत्सरिक प्रदर्शनातली ही इमारत, आता आत लहान मुलांचं संग्रहालय आहे. त्या प्रदर्शनाचं अधिकृत पदक विल्यम बार्बर याने केलं होतं. त्याच्या मुलाची, चार्ल्सची, गाठ पुढे पडणार होती. आम्हाला दुपारच्या आत न्यू जर्सीतला कॉइन शो गाठायचा होता.

हॉटेलचा हॉल, चाळीसएक टेबलं, काळं मखमली कापड, प्रत्येक टेबलावर वाकड्या मानेचा दिवा. वातावरण अगदी पुण्या-मुंबईच्या नाण्यांच्या प्रदर्शनातलं. तीच कुजबुज, तीच भिंगं, तेच "आधी तुम्ही आकडा बोला". पदकं मात्र इथेही सावत्र. पाचपैकी चार टेबलांवर फक्त नाणी. पदकं एका कोपऱ्यात किंवा टेबलाखालच्या खोक्यात. आमच्यासारख्यांचं त्याने भलंच होतं, कारण खोक्यातल्या मालावर कुणी अभ्यास करत बसत नाही.

पहिल्या खोक्यात एक अष्टकोनी चांदीचं नॉर्स पदक निघालं. 1925 चं, नॉर्वेजियन लोकांच्या अमेरिकेतल्या आगमनाच्या शताब्दीचं, 'बफेलो निकेल' हे पाच सेंटचं नाणं करणाऱ्या जेम्स अर्ल फ्रेझरचं. सुरेख, पण कुणीतरी ते घासून लख्ख केलं होतं. आमची आजी चिंच लावून समया घासायची तसं. शंभर वर्षांचा मुरलेला रंग एका दुपारी गेला. ठेवून दिलं.

त्याच खोक्यात टांकसाळीने अलीकडे पाडलेलं पिवळ्या ब्राँझचं, राष्ट्राध्यक्ष जेफरसनचं पदक होतं. मागे एकमेकांना धरलेले दोन हात, वर आडवी कुऱ्हाड आणि चिलीम, शब्द "शांतता आणि मैत्री". याचा मूळ अवतार 1801 चा, चांदीचा. लुईस आणि क्लार्क हे दोघे शोधप्रवासी पश्चिमेला निघाले तेव्हा ही पदकं बरोबर घेऊन गेले आणि वाटेतल्या मूळ रहिवाशांच्या टोळ्यांच्या प्रमुखांना गळ्यात घालायला देत गेले. इतकं मोठं भरीव पदक पाडण्याची ताकद तेव्हाच्या यंत्रात नव्हती, म्हणून चांदीचे दोन पातळ पत्रे वेगवेगळे ठोकून कडेच्या पट्टीने जोडले. आतून पोकळ. मैत्रीचं पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे, त्यामुळे हा पोकळपणा मला नेहमी डाचतो. वॉशिंग्टनने 1792 मध्ये सेनेका प्रमुख रेड जॅकेट याला दिलेलं पदक बफेलोच्या इतिहास संग्रहालयाने 2021 साली सेनेका लोकांना परत केलं. एवढी एक गोष्ट बरी झाली.

मग आलं शिकागो. 1893 च्या कोलंबियन प्रदर्शनाचं पारितोषिक पदक, तीन इंची, गडद तपकिरी ब्राँझ, तळव्यावर ठेवलं की मनगट खाली जावं असं वजन. पुढच्या बाजूला किनाऱ्यावर पाय ठेवणारा कोलंबस, दोन्ही हात पसरलेले, नजर वर. हे शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्सचं काम. मागची बाजूही त्यानेच केली होती, पण त्यात एक नग्न तरुण होता आणि त्यावरून गहजब झाला. शेवटी मागची बाजू काढून घेऊन टांकसाळीच्या मुख्य ठसेकाराला दिली. तो चार्ल्स बार्बर, सकाळच्या विल्यमचा मुलगा. सेंट-गॉडन्स आणि बार्बर यांचं एकमेकांशी वाकडं. आता जन्मभर पाठीला पाठ लावून एकाच पदकावर. पाहताना फरक लगेच जाणवतो : पुढे मोकळा समुद्रवारा, मागे सरकारी पत्राचा मायना, पंखवाल्या देवता आणि मध्ये विजेत्याच्या नावाची चौकट.

ही चौकट म्हणजे या पदकाची खरी मजा. ठशात नावाची वेगळी पट्टी बसवून प्रत्येकाचं नाव उठवलेलं आहे. वीस हजारांहून जास्त पदकं, कनेक्टिकटमधल्या वॉटरबरीच्या स्कोव्हिल कंपनीने पाडलेली. मी गेली कित्येक वर्षं त्या चौकटीत एखादं भारतीय नाव शोधते आहे. राजा रविवर्म्याने या प्रदर्शनाला दहा चित्रं पाठवली होती आणि त्याला पारितोषिक मिळालं. आपल्याकडे सर्रास लिहितात, "शिकागोला सुवर्णपदक". पण त्या प्रदर्शनात पहिला-दुसरा-तिसरा असं काही नव्हतंच. ज्याचं काम पसंतीला उतरलं त्या सगळ्यांना एकच पदक, ब्राँझचं. चित्रकारालाही तेच आणि लोणचंवाल्यालाही तेच. माझ्या मते यात रविवर्म्याचं काही कमी होत नाही. पदक सोन्याचं नव्हतं, पण सेंट-गॉडन्सचं होतं.

आज मिळालेलं कुणा पीठगिरणीवाल्याच्या नावाचं होतं. दीडशे डॉलर. घेतलं. पीठगिरणी तर पीठगिरणी.

आणि आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते. कोपऱ्यातल्या टेबलावर, काचेखाली, स्वतंत्र डबीत : वॉशिंग्टन, बॉस्टनपुढे. चिठ्ठीवर सुबक अक्षरात "ओरिजिनल, पॅरिस, 1789" आणि खाली 900 डॉलर. ते पहिलं पदक अखेर पॅरिसच्या टांकसाळीत झालं. बेंजामिन द्युविव्हिए या ठसेकाराने वॉशिंग्टनचा चेहरा उदों या शिल्पकाराच्या पुतळ्यावरून घेतला. जेफरसन तेव्हा पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजदूत होते, त्यांनी रेंगाळलेलं काम मार्गी लावलं. मंजुरी 1776 ची, पदक वॉशिंग्टनच्या हाती पडलं 1790 मध्ये. तोवर तो राष्ट्राध्यक्ष होऊन बसला होता.

विक्रेत्याला म्हटलं, डबीतून काढून बघू का? त्याने जरा नाखुशीनेच काढून दिलं. मी चेहरा पाहिला नाही. दिव्याखाली कड धरली आणि हळूहळू फिरवली. पाव फेरी, काही नाही. अर्धी फेरी, काही नाही. माझीच छाती धडधडायला लागली. आणि मग, पाऊण फेरीला, तांदळाच्या दाण्याएवढं एक चिन्ह : फळाफुलांनी भरलेलं शिंग. शेजारी बारीक अक्षरात धातूचं नाव, ब्राँझ.

पॅरिसच्या टांकसाळीचा हा मोठा प्रामाणिकपणा. जुन्या ठशांतून ती पुन्हापुन्हा पदकं काढत राहिली, पण 1832 पासून कडेवर खूण मारत राहिली. आधी दिवा. 1845 ते 1860 बोट दाखवणारा हात. 1860 ते 1879 मधमाशी. 1880 पासून पुढे हे शिंग. 1789 च्या पदकाची कड कोरी असते. म्हणजे माझ्या हातातलं पदक मूळच्या किमान 90 वर्षांनंतरचं.

मी भिंग त्याच्या हातात दिलं. त्याने बराच वेळ पाहिलं. "हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मॅडम," म्हणाला. फसवत होता की स्वतःच फसला होता? मला वाटतं, दुसरं. खोटं बोलणाऱ्याने कड बघूच दिली नसती. सौदा 80 डॉलरला झाला. चिठ्ठीही त्याने तशीच दिली, "ओरिजिनल, 1789" सकट.

गाडीत भाचा म्हणाला, "मग नक्कल कशाला घेतलीस?" म्हटलं, अस्सल कांस्य पदकाच्या किमतीत तुझी गाडी येईल. "आणि सोन्याचं?" ते एकच आहे, आणि ते विकायला नाही.

तिसरा दिवस, रविवार

रेल्वेने न्यूयॉर्क. वाटेत नेवार्क लागलं तेव्हा पर्समधून काल खोक्यात पंचवीस डॉलरला मिळालेलं हडसन-फुल्टन पदक काढलं. 1909 साली न्यूयॉर्कने दोन वाढदिवस एकत्र साजरे केले : हेन्री हडसन नदीत शिरला त्याची 300 वर्षं, आणि रॉबर्ट फुल्टनची वाफेची बोट 1807 ला चालली तिची शंभर, दोन वर्षं उशिरा. पदकाचं चित्र एमिल फुक्सचं आणि पाडलं नेवार्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने, जी निवडणुकीचे बिल्ले बनवण्यासाठी प्रसिद्ध. पुढे जहाजाच्या डेकवर हडसन आणि खलाशी. ढिगाने पाडली होती, म्हणून आजही स्वस्त. नव्याने नाद लागलेल्याला मी नेहमी इथून सुरुवात करायला सांगते.

मेट संग्रहालयात सेंट-गॉडन्सची सोनेरी डायना पाहिली, धनुष्य ताणलेली, एका पायावर. शिकागोच्या पदकावरच्या त्या बिचाऱ्या तरुणाला कपडे नव्हते म्हणून हाकललं, आणि ही बाई तशीच चौकात ऐटीत उभी. मग फिफ्थ अॅव्हेन्यूने चालत 59 व्या रस्त्यापर्यंत, त्यानेच केलेला यादवी युद्धातल्या जनरल शर्मनचा घोड्यावरचा पुतळा बघायला. भाच्याने पायांची तक्रार केली. बाकी न्यूयॉर्कबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही, आणि गर्दीबद्दल मुंबईकराने काय लिहायचं.

चौथा दिवस, सोमवार

भाचा कामावर, मी एकटी बॉस्टनला. गाडीला चार तासांहून थोडं जास्त. डावीकडे-उजवीकडे खाड्या, खाजण, बगळे. पनवेल ओलांडल्यासारखं.

स्कूल स्ट्रीटवर बेंजामिन फ्रँकलिनचा पुतळा आहे. या माणसाने मृत्युपत्रात बॉस्टनच्या शाळांसाठी 100 पौंड ठेवले, त्याच्या व्याजातून हुशार मुलांना चांदीची पदकं द्यायची. ती 1790 च्या दशकात सुरू झाली. जुन्या पदकांना वर भोक असतं, रिबिनीसाठी, आणि ते बरेचदा झिजून लांबट झालेलं असतं. म्हणजे मुलं ती खरोखर घालायची. मला शाळेत वक्तृत्वाचा पत्र्याचा बिल्ला मिळाला होता, तो आईने दुसऱ्याच दिवशी डब्यात टाकला, "हरवशील" म्हणून. त्याचं भोक आजही गोल आहे.

दुपारी कॉप्ली चौकातलं सार्वजनिक ग्रंथालय. ते एकमेव सोन्याचं पदक या संस्थेचं आहे. ते इथे कसं आलं ही कथा मोठी गोड. वॉशिंग्टननंतर ते घराण्यात राहिलं. यादवी युद्धाच्या वेळी वंशजांनी ते एका जुन्या वाड्याच्या तळघरात पुरून ठेवलं. युद्ध संपल्यावर उकरलं तेव्हा ओलीने मूळ पेटीची वाट लागली होती, पदकाला काही झालं नव्हतं. सोन्याचा हा फायदा. मग 1876 साली, बॉस्टन मोकळं झाल्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, गावातल्या काही लोकांनी वर्गणी काढली, घराण्याकडून पदक विकत घेतलं आणि ग्रंथालयाला देऊन टाकलं. वर्गणी काढून मंडप घालणारे आपण, आपल्याला हे लगेच समजतं.

ते बघायला मिळावं असा हट्ट मी धरला नाही. अशी वस्तू रोज मांडून ठेवायची नसते. (वॉशिंग्टनचा स्वतःचा चांदीच्या अकरा पदकांचा संच, पुढे डॅनियल वेबस्टरकडे गेलेला, याच गावात मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे. त्यासाठी पुढच्या खेपेला आधी पत्रव्यवहार करून येईन.) मी संगमरवरी जिन्यावर गेले. दोन्ही बाजूंना दोन मोठे सिंह, घासून चकचकीत न केलेले, फक्त शेपट्या येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातांनी गुळगुळीत. हे लुई सेंट-गॉडन्सचे, ऑगस्टसच्या धाकट्या भावाचे. शनिवारपासून हे घराणं माझी पाठ सोडायला तयार नाही. मी पण एका शेपटीवरून हात फिरवला.

पाचवा दिवस, मंगळवार

परतीची गाडी दुपारची. सकाळी बस पकडून साउथ बॉस्टन, तिथून चढ चढून डॉर्चेस्टर हाइट्स. टेकडी म्हणण्याइतकी उंच नाही. आपल्या पर्वतीने हिच्याकडे बघून हसावं. भोवती घरं, मध्ये हिरवळ, वर पांढऱ्या संगमरवराचा मनोरा. पण मार्च 1776 मध्ये वॉशिंग्टनच्या लोकांनी एका रात्रीत इथे मोर्चे बांधून तोफा चढवल्या. त्या तोफा हेन्री नॉक्सने टिकाँडरोगाच्या किल्ल्यातून बर्फातून ओढत आणल्या होत्या. सकाळी ब्रिटिशांनी वर पाहिलं तर बंदरातली त्यांची जहाजं माऱ्यात. 17 मार्चला ते जहाजात बसून निघून गेले. त्या तारखेला या भागात अजून सुट्टी असते.

पदक पिशवीतून काढलं. मागच्या बाजूला हीच जागा आहे. डावीकडे घोड्यांवर वॉशिंग्टन आणि त्याचे अधिकारी, त्याचा हात पुढे, शहराकडे. शहर लांबवर, चिमुकलं. जहाजं निघालेली. वर लॅटिनमध्ये "होस्तिबुस प्रिमो फुगातिस", शत्रूला पहिल्यांदा पळवलं. द्युविव्हिए बॉस्टनला कधी आला नव्हता. पॅरिसमध्ये बसून त्याने हे कोरलं. तरी एक गोष्ट त्याला नेमकी कळली होती : चित्रातलं सगळं महत्त्व उंचीला आहे. घोड्यांच्या खुरांखालची जमीन त्याने इतकी उठावाची केली आहे की माझ्या 80 डॉलरच्या, शंभरदा वापरलेल्या ठशांच्या नकलेतही तिथे अंगठा अडतो.

मी पदक डोळ्यांसमोर धरून हात कुठल्या दिशेला जातो ते जुळवायला लागले. जरा डावीकडे. नाही, मनोऱ्याच्या पलीकडून. कुत्रा फिरवणारे एक आजोबा थांबले आणि विचारलं, काही हरवलंय का? म्हटलं, नाही, जहाजं शोधतेय. ते मान हलवून पुढे गेले. कुत्रं मात्र दोनदा वळून बघत होतं.

जहाजांच्या जागी आता गोदामं, क्रेन आणि विमानतळावर उतरणारी विमानं. बाकावर बसून ती चिठ्ठी काढली. "ओरिजिनल, 1789" वर एक रेघ मारली आणि खाली मराठीत लिहिलं : पॅरिस, 1880 नंतर, कडेवर शिंग. डॉर्चेस्टर हाइट्सवर नेऊन आणलं. मग पदक पालथं करून, सवयीने, पुन्हा एकदा कडेवरून नख फिरवलं आणि डबी बंद केली. बस यायला सात मिनिटं होती.